आक्राची मध्यरात्र

इतिहास केवळ सनावळीत नसतो. तो डोळ्यांनी पाहण्यासाठी माणसे समुद्र ओलांडतात. मार्च १९५७ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग पत्नीसह अमेरिकेहून आफ्रिकेतील आक्रा शहरी गेले. ५ मार्चच्या मध्यरात्री तेथे ब्रिटिश ध्वज उतरला आणि घानाचा ध्वज चढला. पंतप्रधान एन्क्रुमा त्या सोहळ्यास तुरुंगातील टोपी घालून आले होते. एके काळचे हे शाळामास्तर १९५१ ची निवडणूक तुरुंगात असतानाच जिंकले होते. किंग यांना आनंदाश्रू आवरेनात. परतल्यावर त्यांनी आपल्या लोकांस बजावले की, जुलूम करणारा आपण होऊन स्वातंत्र्य देत नसतो. पालकहो, मुलांना नवी टोपी जरूर घ्या. पण त्या जुन्या टोपीची हकीकतही सांगा. खरी इज्जत इल्म आणि त्याग यांनीच मिळते.