आधी श्रोते, मग वाचक

सोलापूर जिल्ह्यातील उजनी येथे भीमेवरील धरणाचे काम १९६६ साली सुरू झाले व १९८० साली ते पूर्णत्वास गेले. यशवंतसागर या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जलाशयाने सोलापूर, पुणे व अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या तीन जिल्ह्यांतील अनेक गावे उठवली. शेती गेली, घरे गेली, पारावरच्या बैठकीही मोडल्या. अशा परिसरात एखाद्याने लेखणी हाती धरली, तर त्याचे लेखन वाचणार कोण? प्रश्न साधा दिसतो. पण भीमेच्या काठी तो सातशे वर्षे विचारला जात आहे, आणि त्याची उत्तरेही येथेच सापडतात.

मंगळवेढ्याचे संत चोखामेळा यांच्यापासून आरंभ करणे उचित ठरेल. ज्यांना पंढरीच्या देवळात पाऊल टाकण्याची मुभा नव्हती, त्यांना श्रोतृवर्ग कोठून लाभणार? त्यांचे अभंग अनंतभट्ट नावाच्या गृहस्थाने लिहून घेतले, अशी परंपरा सांगते. गावकुसाच्या कामावर असताना भिंत कोसळून १३३८ च्या सुमारास चोखोबांचा अंत झाला. ग्रंथ नाही, मठ नाही, राजाश्रय तर नाहीच. तरीही कीर्तनातून आणि वारीच्या वाटेवर त्यांचे शब्द एका मुखातून दुसऱ्या मुखात जात राहिले. पुढे हे अभंग छापले गेले, तेव्हा ते आधीच लोकांना पाठ होते! छापखान्याने त्यांना लोक मिळवून दिले नाहीत, लोकांनीच ते छापखान्यापर्यंत आणून पोहोचवले.

विसाव्या शतकात हाच क्रम पुन्हा दिसतो, तो बार्शीचे शाहीर अमर शेख यांच्या बाबतीत. १९१६ साली बार्शीत जन्मलेल्या या माणसाने गिरणीत काम केले. १९४४ च्या सुमारास अण्णाभाऊ साठे व द. ना. गवाणकर यांच्यासमवेत त्यांनी लाल बावटा कलापथक उभे केले. त्यांच्या पहाडी आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत मैदानेच्या मैदाने भारून टाकली, हे जुन्या पिढीला ठाऊक आहेच. त्यांचा ‘कलश’ हा काव्यसंग्रह मात्र १९५८ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे चौदा वर्षे हा कवी आधी ऐकला गेला, मग वाचला गेला. मैदानात टाळी देणारा प्रत्येक जण पुढे पुस्तक विकत घेतोच असे नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. शाहिराचे नाव घराघरांत पोहोचले. त्या मानाने त्यांची कविता कपाटातच अधिक राहिली, असे माझे मत आहे.

आता धरणाच्या परिसरातील जेऊर या करमाळा तालुक्यातील गावाकडे वळू. पुणे-सोलापूर लोहमार्गावरचे हे एक लहानसे स्थानक. वडार समाजात जन्मलेले नागराज मंजुळे हे याच गावचे. पुणे विद्यापीठातून मराठीची पदव्युत्तर पदवी घेऊन ते अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापन शिकावयास गेले. तेथे विद्यार्थी असतानाच त्यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला व त्याला २०१० सालचा पदार्पणाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. ‘उन्हाच्या कटाविरुद्ध’ हा त्यांचा कवितासंग्रह. सोलापूरच्या भैरुरतन दमाणी पुरस्काराने त्याचा गौरव झाला. येथे थोडे थांबावेसे वाटते. जिल्ह्यातला पुरस्कार, गावोगावची कविसंमेलने, लहान नियतकालिके यांना शहरातील विद्वान फारसे मोजत नाहीत. परंतु नवख्या कवीला पहिले शंभर वाचक मिळतात ते येथेच, आणि ते वाचक त्याला नावाने ओळखतात. आपल्या वाचकांना हे वेगळे सांगणे नको. ‘निरोप्या’ हे मासिकही १९०३ साली राहुरी तालुक्यातील केंदळ या खेड्यातच फादर हेन्री डोरिंग यांनी सुरू केले होते. मुंबई-पुण्याची वाट त्यांनी पाहिली नाही.

‘फँड्री’ २०१३ साली आला. २९ एप्रिल २०१६ रोजी ‘सैराट’ प्रदर्शित झाला आणि शंभर कोटींहून अधिक उत्पन्न मिळवणारा तो पहिला मराठी चित्रपट ठरला. त्याचे बरेचसे चित्रीकरण करमाळा तालुक्यात झाले. नायिकेची भूमिका करणारी रिंकू राजगुरू अकलूजची. पात्रांच्या तोंडी भाषा होती ती याच भागातली. पुणेरी कानांना सोयीची व्हावी म्हणून ती घासूनपुसून घेतलेली नव्हती. एवढ्या मोठ्या प्रेक्षकवर्गाचे श्रेय कोणी संगीताला देतात, कोणी जाहिरातीला. दोन्हींत तथ्य आहे. पण ज्या माणसाने प्रथम आपल्या शेजाऱ्याला समजेल असे लिहिले, त्यालाच पुढे दूरचा माणूसही समजून घेऊ लागला, ही गोष्ट मला अधिक महत्त्वाची वाटते. याच कथेवरून २०१७ साली कन्नड आणि २०१८ साली हिंदी चित्रपट निघाले. त्यांत जेऊरची बोली अर्थातच उरली नाही.

आज लिहिणाऱ्याला खिशातल्या यंत्रावर क्षणात हजारो डोळे मिळू शकतात, आणि दुसऱ्या क्षणी ते निघूनही जातात. या धावपळीत उजनीच्या काठावरचे किती लिहिले जाईल, याची चिंता वाटते. करमाळा तालुक्यातील कुगाव आणि पलीकडचे इंदापूर तालुक्यातील कळाशी यांच्यामध्ये आता पाणी आहे व माणसे बोटीने ये-जा करतात. २१ मे २०२४ रोजी वादळी वाऱ्यात तेथे एक बोट उलटली आणि सहा जणांना जलसमाधी मिळाली. वृत्तपत्रांनी चार दिवस बातमी दिली. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, छायाचित्रे काढण्यासाठी लांबून लोक येतात. त्या मंदिराभोवतीचे नांदते गाव ज्यांनी पाहिले, ती पिढी आता साठीच्या घरात वा त्यापलीकडे आहे. तिच्या आठवणी एखाद्या नातवाने वहीत उतरवल्या, तर त्याने त्या प्रथम नव्या वसाहतीच्या पारावर वाचून दाखवाव्यात. चुका काढणारे पुष्कळ भेटतील, आणि कोणाचे घर कोठे होते यावरून वादही होईल.