पेन्सिलीपुरता चाकू

मुलाला पहिला चाकू कोणता द्यावा, असा प्रश्न आपल्याकडे दुकानात जाऊन कोणी फारसं विचारत नाही. युरोपात आणि जपानात मात्र विचारतात, आणि दुकानदाराकडे उत्तरंही तयार असतात. टोक गोल हवं की अणकुचीदार? पातं मिटणारं हवं की म्यानातलं? उघडल्यावर ते अडकवणारा खटका हवा की नको? मुठीला बोट अडवणारा खांदा हवा का? वरवर पाहता हे सगळे सुरक्षिततेचे प्रश्न वाटतात. पण यातल्या प्रत्येकावर कधी ना कधी मोठ्या माणसांनी गंभीरपणे वाद घातलेले आहेत, आणि जपानात तर एका साध्या चाकूचं नशीब एका राजकीय खुनाने फिरलं.

त्या चाकूचं नाव हिगोनोकामी. पितळी किंवा लोखंडी पत्रा दुमडून केलेली मूठ, तिच्यात मिटणारं एक पातं, आणि पात्याच्या मागच्या टोकाला बाहेर आलेली छोटी दांडी. या दांडीला ‘चिकिरी’ म्हणतात. अंगठ्याने ती दाबली की पातं बाहेर येतं. स्प्रिंग नाही, खटका नाही, एक खिळा सोडला तर जोडकामही नाही. चांगल्या प्रतीच्या चाकूत मऊ लोखंडाच्या दोन थरांमध्ये कठीण पोलाद असतं, म्हणजे लोखंड-पोलाद जोडायचं तंत्र तेच जे जपानी सुताराच्या पटाशीत असतं. यात नवल नाही, कारण तो जिथे जन्मला ते ह्योगो प्रांतातलं मिकी हे गावच मुळी सुतारकामाच्या हत्यारांसाठी प्रसिद्ध. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात तिथल्या लोहारांनी हा चाकू करायला घेतला. गिऱ्हाईक सुरुवातीला क्यूशू बेटावरचं, म्हणून तिथल्या जुन्या हिगो प्रांताचं नाव त्याला चिकटलं. ‘हिगो नो कामी’ म्हणजे हिगोचे अधिपती. चार पैशांच्या चाकूला थेट सरदारी किताब! आपल्याकडे एखाद्या कारखानदाराने अडकित्त्याला ‘पंतप्रतिनिधी’ नाव द्यावं तसंच हे.

काळ लक्षात घेण्यासारखा आहे. १८७२मध्ये जपानने सार्वत्रिक शालेय शिक्षणाचा कायदा केला. १८७६मध्ये सामुरायांना कमरेला तलवार लावून फिरायला बंदी झाली. मोठ्यांच्या कमरेचं पोलाद उतरलं, आणि वीसेक वर्षांतच पोरांच्या खिशात चढलं. हे वाक्य जरा जास्तच घोटीव झालं याची मला कल्पना आहे, कारण तलवारी करणारे आणि हिगोनोकामी करणारे लोहार एकच होते असं काही नाही. पण शाळा आल्या, शाळेबरोबर शिसपेन्सिल आली, आणि शिसपेन्सिलीला टोक काढायला चाकू लागतोच. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जपानी मुलग्याकडे हिगोनोकामी असणं म्हणजे आपल्याकडे दप्तरात कंपासपेटी असण्याइतकं साधं होतं. टोक काढून झालं की त्याच चाकूने बांबूची भिरभिरी, धनुष्यबाण, पाणी उडवायच्या पिचकाऱ्या. बोटं कापायची, बरी व्हायची.

लिहिणं आणि चाकू यांचं हे नातं जपानपुरतं नाही. पिसाची लेखणी तासायला युरोपात जो छोटा चाकू लागे, त्याच्यावरूनच इंग्रजीत खिशातल्या चाकूला नाव पडलं. आपल्याकडे बोरू होता. बोरूचं टोक तिरकं कापायचं, मधोमध चीर द्यायची; छाट नीट पडली नाही तर बाळबोध अक्षराची जाड-बारीक वळणं येणार कुठून? म्हणजे पंतोजींच्या शाळेतही अक्षराच्या आधी धार होती. नंतर टाक आला, पेन आलं, आणि शिसपेन्सिलीसाठी बापाच्या दाढीचं अर्धं ब्लेड आलं. बारीक, वाकणारं, मूठ नसलेलं हे पातं कित्येक पिढ्यांनी दप्तरात, कागदाच्या पुडीत बाळगलं. हत्यार म्हणून ते हिगोनोकामीपेक्षा सर्वार्थाने वाईट. पण ते कोणी मुलासाठी निवडलेलं नव्हतं, ते उरलेलं होतं. गिरमिट हातात आलं तेव्हा कोणाला त्याचा विरह झाला नाही.

मुलींचं वेगळं. त्यांचं पहिलं पातं म्हणजे विळी. पाटावर पाय दाबून बसायचं, धार आपल्याकडे तोंड करून स्थिर उभी, आणि हलतो तो हात, भाजी धरलेला. चाकूच्या नेमकं उलट. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला मेथी, गवार निवडता निवडता कधी विळीवर बसवलं जाई, हे कुठल्या शिक्षणशास्त्राच्या पुस्तकात नोंदलेलं नाही. मुलग्याच्या हातातला चाकू हा जगभर चर्चेचा विषय झाला. मुलीच्या पुढ्यातली विळी मात्र घरकामात मोडत असल्याने तिच्यावर परिषद भरली नाही.

परिषदा खरोखरच भरत, आणि त्याला कारण स्वीडन. तिथल्या ‘स्लोइड’ या शब्दाचा अर्थ हातकाम, कारागिरी. फिनलंडमध्ये उनो सिग्नेउस यांच्या प्रयत्नाने १८६६मध्ये ग्रामीण शाळांतल्या मुलग्यांना हातकाम सक्तीचं झालं. स्वीडनमध्ये ऑटो सालोमोन (१८४९–१९०७) यांनी गोथेनबर्गजवळच्या नेस इथे आपल्या मामाच्या इस्टेटीवर शाळा आणि पुढे शिक्षकांचं प्रशिक्षण केंद्र चालवलं. देशोदेशींचे शिक्षक, त्यात बायकाही, तिथे उन्हाळी वर्गांना येत. सालोमोन यांना सुतार घडवायचे नव्हते. लाकडावर काम करता करता मुलाची नजर, मनगट आणि चिकाटी घडावी, हा हेतू. त्यासाठी त्यांनी वस्तूंची क्रमवार मालिकाच आखली. पहिली वस्तू म्हणजे बालवर्गात अक्षरांवर फिरवायची काडी, आणि ती करायचं हत्यार एकच: चाकू. करवत, रंधा, पटाशी सगळं नंतर.

चाकूच का, यावर त्यांचं म्हणणं असं की खेड्यातल्या पोराला तो आधीच ठाऊक असतो, आणि त्याच्यात हाताला आधार देणारं काहीही नसतं. रंध्याला बूड असतं, तो आपोआप सपाट जातो. करवत एकदा चिरेत बसली की सरळ चालते. चाकू मात्र जाईल तिकडे जातो. चूक झाली तर ती दिसते आणि ती हत्याराची नसते. विरोधकांनी हेच कारण उलटं फिरवलं. डेन्मार्कच्या आक्सेल मिकेल्सन यांनी आपल्या पद्धतीत चाकूला मागे सारून करवत आणि रंध्यापासून सुरुवात केली: जे हत्यार सगळ्यात अवघड, ते सगळ्यात लहान मुलाला आधी का द्यायचं? शिवाय वर्गात तीस मुलं एका तालात रंधा मारू शकतात, चाकूने काडी तासताना प्रत्येकजण आपापल्या गतीने जातो. मला वाटतं वादाचं मूळ इथेच होतं. सालोमोन यांना एकेका मुलाजवळ उभं राहणारा शिक्षक हवा होता, आणि चाकू त्यांना तसा शिक्षक ठेवायला भाग पाडत होता.

हातकामातून शिक्षण हा विचार आपल्याकडे १९३७च्या वर्ध्याच्या परिषदेत आणि मग झाकिर हुसेन समितीच्या आराखड्यात वेगळ्या वाटेने आला. सुतारकाम, शेती त्यातही होती. पण नई तालीमचं नाव काढलं की डोळ्यांपुढे येते ती टकळी. तिला धार नाही, आणि ती कितीही चुकली तरी सूतच तुटतं.

आता परत जपान. १२ ऑक्टोबर १९६० रोजी टोकियोच्या हिबिया सभागृहात पक्षनेत्यांची भाषणं चालू होती. समाजवादी पक्षाचे अध्यक्ष इनेजिरो असानुमा बोलत असताना सतरा वर्षांचा ओतोया यामागुची व्यासपीठावर धावत गेला आणि त्याने त्यांना भोसकलं. चित्रफीत दूरचित्रवाणीवरून घराघरांत पोचली. त्या क्षणाचं यासुशी नागाओ यांनी टिपलेलं छायाचित्र जगभर छापलं गेलं, त्याला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं. यामागुचीने तीन आठवड्यांत कोठडीत गळफास घेतला.

त्याच्या हातात होती ती आखूड तलवार. हिगोनोकामीचा या प्रकरणाशी काडीचा संबंध नव्हता. पण मारेकरी अल्पवयीन, आणि अल्पवयीनांच्या खिशात पातं, एवढी जुळणी पुरेशी होती. ‘मुलांच्या हाती धारदार वस्तू नको’ अशी मोहीम देशभर उभी राहिली. शाळांनी चाकू आणायला मनाई केली, पालक संघटना पुढे आल्या, स्टेशनरीच्या दुकानांनी माल काढून टाकला. हँडल फिरवायचं टोकयंत्र त्याच सुमारास घरोघर येत होतं, त्यामुळे अडलं कोणाचंच नाही. बंदी जर टोकयंत्राच्या आधी पंचवीस वर्षं आली असती तर ती टिकली असती का, हा मला खरा प्रश्न वाटतो. सोय हाताशी असली की तत्त्व पाळणं सोपं जातं. मिकीतले कारखाने एकामागून एक बंद पडले. ‘हिगोनोकामी’ हे नाव संघाच्या सभासदांनाच वापरता येतं. आज ते लावणारा एकच कारखाना उरला आहे, नागाओ कानेकोमा.

पुढच्या वीस वर्षांत तक्रार बदलली. मुलांना पेन्सिल तासता येत नाही, सफरचंद सोलता येत नाही, हात ‘मंद’ झाले, असं शिक्षक आणि पालक म्हणू लागले. ही तक्रार थोडी संशयाने ऐकावी. प्रत्येक पिढीला पुढच्या पिढीचे हात पांगळे वाटतात. पण नागानो प्रांतातल्या इकेदा इथल्या आइझोमे प्राथमिक शाळेने नुसतं कुरकुरण्याऐवजी उपाय केला. १९८०च्या दशकापासून ही शाळा पहिलीत येणाऱ्या प्रत्येक मुलाला हिगोनोकामी देते. सहा-सात वर्षांची मुलं आणि मुली वर्गात बसून आपापल्या पेन्सिली तासतात.

ही प्रथा १९९८मध्येही टिकली, हे विशेष. त्या जानेवारीत तोचिगी प्रांतातल्या कुरोइसो इथे तेरा वर्षांच्या विद्यार्थ्याने शाळेतच आपल्या शिक्षिकेचा बटरफ्लाय चाकूने खून केला. पुन्हा देश हादरला, पुन्हा मुलं आणि पाती यांच्यावर चर्चा. या वेळी मात्र रोख बराचसा त्या विशिष्ट चाकूवर राहिला: झटक्यात फिरवून उघडणारा, दिमाखासाठी घेतलेला. अनेक प्रांतांनी अल्पवयीनांना तो विकायला बंदी केली. पेन्सिलीला टोक काढायला बटरफ्लाय चाकू कोणी घेत नाही. १९६०मध्ये हा फरक करण्याइतकी उसंत कोणाकडे नव्हती.

आता सुरुवातीच्या प्रश्नांकडे. फ्रान्समध्ये साव्हॉयच्या डोंगरात १८९०पासून चाकू करणाऱ्या ओपिनेलने मुलांसाठी गोल टोकाचा चाकू काढला आहे. त्याला मुठीजवळ फिरणारं कडं आहे. ते फिरवलं की उघडलेलं पातं अडकतं, बोटांवर मिटत नाही. हे कडं १९५५चं, मोठ्यांच्या चाकूंसाठी काढलेलं. गोल टोक मला पटतं. काडी तासायला, भाजी चिरायला टोक लागत नाही, आणि मुलांची भांडणं होतात. बोथट धार मात्र पटत नाही. ‘लहान आहे, जरा कमी धारेचा दे’ म्हणणारे लोक मनाने चांगले असतात, पण बोथट चाकूला जोर लावावा लागतो, जोर लावला की तो निसटतो, आणि निसटलेला चाकू थांबतो तो दुसऱ्या हातात. स्वयंपाकघरात राबलेल्या कोणत्याही बाईला हे विचारावं.

खटक्याबद्दल माझं मत अजून ठरत नाही. हिगोनोकामीला खटका नाही. तो वापरताना अंगठा चिकिरीवर दाबून ठेवायचा असतो, तरच पातं उघडं राहतं. अंगठा सैल झाला की ते डुगडुगतं, आणि काम करणाऱ्या मुलाला ते लगेच कळतं. आइझोमेच्या वर्गात पहिले काही दिवस अर्थातच चिकटपट्ट्याही लागतात.