'टेल' : मोजणाऱ्यांचा शब्द

ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभाजन पुकारलं की सभासद जागेवरून उठतात आणि सभागृहालगतच्या दोन लांबट दालनांपैकी एकात शिरतात. ठरावाच्या बाजूचे एकीकडे, विरोधातले दुसरीकडे. प्रत्येक दालनातून बाहेर पडायच्या दारापाशी दोघं उभे असतात, एक या बाजूचा आणि एक त्या बाजूचा, म्हणजे कुणाला कुणावर संशय घ्यायला नको. बाहेर येणारं डोकं न् डोकं ते मोजतात. मोजणी संपली की हे चौघं अध्यक्षांपुढे रांगेत येऊन उभे राहतात आणि जिंकलेल्या बाजूचा एक जण आकडे मोठ्यानं वाचून दाखवतो. या चौघांना म्हणतात 'टेलर'. शिंपीकाम करणाऱ्या टेलरशी त्यांचं काही नातं नाही. त्याचं स्पेलिंग वेगळं आणि मूळही वेगळं. हे टेलर आले ते 'टेल' या क्रियापदातून, ज्याचा अर्थ आपण शाळेत 'सांगणे' असा पाठ केलेला असतो.

मतं मोजणाऱ्याला 'सांगणारा' का म्हणावं? कारण मोजणं हा 'टेल'चा जुना, घरचा अर्थ आहे. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत हे क्रियापद 'टेल्लन' असं होतं. मोजणे, हिशेबात धरणे, अमुक एक मानणे आणि सांगणे हे सगळे अर्थ त्याच्या पोटात एकत्र नांदत होते. त्याच्याच कुळातलं 'टालू' हे नाम पुढे 'टेल' म्हणजे गोष्ट झालं. जर्मनमध्ये हे कूळ अजून ठसठशीत दिसतं. तिथे 'त्साल' म्हणजे संख्या, 'त्सेलेन' म्हणजे मोजणे आणि 'एर्त्सेलेन' म्हणजे गोष्ट सांगणे. इंग्रजीतला 'ट' जर्मनमध्ये 'त्स' होतो, टेन-त्सेन, टंग-त्सुंगे तसाच. स्वीडिशमध्ये तर 'ताल' या एकाच शब्दाचे संख्या आणि भाषण असे दोन अर्थ आजही वापरात आहेत. आइसलँडच्या लोकांनी या कुळाला फार सुंदर संतती दिली. १९६०च्या दशकात कॉम्प्युटरला आपला शब्द हवा म्हणून त्यांनी 'ताला' म्हणजे संख्या आणि 'व्होल्वा' म्हणजे भविष्य सांगणारी स्त्री यांची सांगड घातली आणि 'त्योल्वा' हा शब्द घडवला. आकड्यांतून सांगणारी ती. परक्या यंत्राला इतकं नेमकं नाव देणारी भाषा मला फार श्रीमंत वाटते.

इंग्रजी शिकताना सगळ्यांनाच एक गोष्ट खटकलेली असते. 'टेल'चं भूतकाळी रूप 'टोल्ड' कसं? 'सेल'चं 'सोल्ड' कसं? मुलं बिचारी अपवाद म्हणून घोकतात. पण त्यामागे सरळ कारण आहे. अगदी जुन्या जर्मानिक बोलीत मूळ क्रियापद 'तल्यन'सारखं होतं. त्यातल्या 'य'नं आधीच्या 'अ'ला आपल्याकडे ओढलं आणि तो 'ए' झाला, म्हणून टेल्लन. भूतकाळी रूपात त्या जागी 'य' उरलेलाच नव्हता, त्यामुळे 'अ' जागच्या जागी राहिला. इंग्लंडच्या उत्तर-मध्य भागातल्या बोलींत हे रूप 'टाल्डे' असं होतं, आणि 'ल्ड'च्या आधीचा 'आ' पुढे 'ओ' होत गेला. 'आल्ड'चं 'ओल्ड' झालं, 'काल्ड'चं 'कोल्ड' झालं, तसंच 'टाल्डे'चं 'टोल्ड'. म्हणजे ज्याला आपण अपवाद म्हणतो तो खरा तर वळणानं चाललेला नियम आहे. 'टॉक' हे क्रियापदही याच घरातलं. तेराव्या शतकाच्या आसपास जुन्या धातूला 'क' जोडून ते तयार झालं. 'हिअर'वरून 'हार्क' आणि 'स्टील'वरून 'स्टॉक' म्हणजे दबा धरून माग काढणे, ही त्याची भावंडं.

मोजण्याचा अर्थ किती मुरलेला होता हे पाहायचं तर १६११चं किंग जेम्स बायबल उघडावं. इजिप्तमध्ये गुलामीत असलेले इस्राएली लोक विटा पाडतात. मोशेनं सुट्टी मागितल्यावर फेरो चिडतो आणि फर्मान काढतो की आता यांना गवताचा पेंढा द्यायचा नाही, तो त्यांनी स्वतः रानोमाळ हिंडून गोळा करावा, पण विटांची रोजची 'टेल' मात्र तितकीच भरली पाहिजे. इथली 'टेल' म्हणजे ठरलेली संख्या. आजचा वाचक त्या ओळीशी पोचला की विटांची गोष्ट कसली, म्हणून बुचकळ्यात पडतो. त्याच बायबलात देव अब्राहामला आकाशातले तारे मोजायला सांगतो, तिथेही क्रियापद 'टेल'च आहे. मिल्टनच्या 'ल'आलेग्रो' या कवितेत सकाळच्या वेळी प्रत्येक मेंढपाळ झुडपाखाली आपली 'टेल' 'टेल' करतो. तो प्रेमाची गोष्ट सांगतोय की मेंढ्या मोजतोय, यावर टीकाकारांचे शतकानुशतकं वाद झाले आहेत. मला मेंढ्या मोजणाराच खरा वाटतो. पहाटे कळप बाहेर काढताना मेंढपाळाचं पहिलं काम तेच असतं.

माळेचे मणी ओढणं याला इंग्रजीत 'बीड्स टेल करणं' म्हणतात, आणि इथे दोन शब्दांची दुहेरी गाठ बसली आहे. 'बीड' या शब्दाचा मूळ अर्थ मणी असा नव्हताच. तो होता प्रार्थना. जर्मनमध्ये 'गेबेट' म्हणजे अजूनही प्रार्थनाच. प्रार्थना किती झाल्या ते कळावं म्हणून दोऱ्यात ओवलेले गोळे वापरायचे, आणि प्रार्थनेचं नाव हळूहळू त्या गोळ्यांनाच चिकटलं. म्हणजे मूळ वाक्यात माणूस प्रार्थना मोजत होता आणि म्हणतही होता. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत संध्याकाळी 'तेर्स' होतो, त्याच्या नावातही मोजणी दडलेली आहे. पोर्तुगीजमध्ये तेर्स म्हणजे एक-तृतीयांश. पारंपरिक पूर्ण रोझरीत, म्हणजे जपमाळेच्या प्रार्थनेत, १५० वेळा 'नमो मारिये' म्हटलं जातं. त्यातले ५० म्हणजे तेर्स. कुटुंब गुडघ्यांवर बसून जे म्हणतं त्याचं नावच हिशेबाचं आहे.

लंडनच्या सरकारी खजिन्यात मध्ययुगापासून चार टेलर असत. खजिन्यात येणारा-जाणारा पैसा मोजून घ्यायचा-द्यायचा, हे त्यांचं काम. ही पदं पुढे नुसती मानाची आणि गडगंज पगाराची झाली, आणि अखेर १८३४ साली मोडीत निघाली. त्याच वर्षी जुन्या हिशेबाच्या लाकडी खाचकाठ्याही निकालात निघाल्या. त्या जाळून टाकायला हाउस ऑफ लॉर्ड्सच्या भट्ट्यांत घातल्या गेल्या, भट्ट्या बेसुमार तापल्या आणि १६ ऑक्टोबर १८३४च्या रात्री वेस्टमिन्स्टरचा राजवाडा, म्हणजे संसदेची वास्तू, जळून गेली. या काठ्यांना 'टॅली' म्हणत. कानाला तो शब्द 'टेल'चा भाऊ वाटतो, पण तो लॅटिनमधला परका पाहुणा आहे. 'तालेआ' म्हणजे छाटलेली काठी. शब्दांच्या कुळकथेत असे दिसायला सारखे आणि रक्तानं वेगळे पुष्कळ भेटतात, म्हणून जपून चालावं लागतं.

खजिन्यातला टेलर पुढे बँकेत आला. आपल्याकडेही बँकेत टेलर काउंटर असतो, आणि रोज कोट्यवधी लोक ज्या यंत्रात कार्ड सारतात त्या एटीएममधला 'टी' म्हणजे हाच टेलर, आपोआप मोजून देणारा. उत्तर लंडनमधल्या एनफिल्डमध्ये २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेनं नोटा देणारं यंत्र बसवलं. त्यामागे डोकं होतं जॉन शेफर्ड-बॅरन यांचं, आणि त्यांचा जन्म शिलाँगचा. त्यानंतर वीस वर्षांनी, १९८७ साली, एचएसबीसी बँकेनं भारतातलं पहिलं एटीएम मुंबईत आणलं. नोटा फडफडत मोजल्या जातात तो यंत्राच्या पोटातला आवाज म्हणजे 'टेल'चा सर्वांत जुना अर्थ आहे, आणि सांगण्याचा अर्थ त्याला मुळीच येत नाही.

मग इंग्रजीत मोजण्यासाठी 'टेल' मागे का पडलं? १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि त्यांच्या फ्रेंचबरोबर 'काउंट' हा शब्द आला. आकड्यांचं काम हळूहळू त्याच्याकडे गेलं आणि 'टेल'कडे मुख्यतः सांगणं उरलं. गंमत अशी की हा आलेला शब्दही याच दुहेरी स्वभावाचा होता. जुन्या फ्रेंचमध्ये 'कोंते' म्हणजे मोजणेही आणि गोष्ट सांगणेही. नंतर त्यांनी दोन अर्थांसाठी दोन स्पेलिंगं केली, उच्चार मात्र एकच ठेवला. म्हणून इंग्रजीत 'काउंट' मोजतो, 'रिकाउंट' गोष्ट सांगतो, आणि 'अकाउंट' म्हणजे बँकेतलं खातंही आणि घडल्या प्रसंगाचा वृत्तांतही. स्पॅनिशमध्ये 'कुएन्तो' म्हणजे गोष्ट आणि 'कुएन्ता' म्हणजे हॉटेलचं बिल, शिवाय जपमाळेचा मणीसुद्धा.

ही एकट्या युरोपची खासियत असती तर तिथेच थांबता आलं असतं. पण हिब्रूत, जी पूर्ण वेगळ्या कुळातली भाषा, 'साफार' म्हणजे मोजलं, 'सिप्पेर' म्हणजे सांगितलं, 'मिस्पार' म्हणजे संख्या आणि 'सेफर' म्हणजे ग्रंथ. तालमूद या यहुद्यांच्या ग्रंथात म्हटलं आहे की जुन्या शास्त्र्यांना 'सोफेरिम' हे नाव पडलं ते त्यांनी तोराह या धर्मग्रंथाचं अक्षर न् अक्षर मोजलं म्हणून. मुंबईत १७९६ साली बेने इस्राएल या यहुदी समाजानं पहिलं सिनेगॉग उभारलं. कोकणातून आलेल्या, घरी मराठी बोलणाऱ्या या लोकांच्या सिनेगॉगमध्ये तोराहची जी गुंडाळी पेटीत जपून ठेवलेली असते, ती म्हणजे 'सेफर तोराह'.

आणि आपल्या घरात? संस्कृतातला 'ख्या' धातू घ्या. धातुपाठात त्याचा अर्थ दिला आहे प्रकथन, म्हणजे सांगणे. त्यातून आख्यान, व्याख्या, ख्याती, आख्यायिका. आणि त्याला 'सम्' लागला की संख्या. कीर्तनकार पूर्वरंगात निरूपण करून उत्तररंगात जे लावतो ते आख्यान आणि पाटीवर मुलं लिहितात ती संख्या, ही एका धातूची लेकरं. पंचवीस तत्त्वं मोजून मांडणारं दर्शन सांख्य म्हणवतं तेही त्यामुळेच. पुण्यात १८७५ पासून चालत आलेल्या वसंत व्याख्यानमालेच्या नावात सांगणं आणि माळ शेजारी बसली आहेत, हे सहज आठवलं म्हणून नोंदवतो.

महाभारताच्या वनपर्वातलं नलोपाख्यान तर या दोन अर्थांचं जिवंत चित्र आहे. द्यूतात राज्य गमावलेला नल बाहुक या नावानं अयोध्येच्या ऋतुपर्ण राजाचा सारथी झालेला असतो. त्याची पत्नी दमयंती हिच्या दुसऱ्या स्वयंवराचं निमंत्रण येतं आणि एका दिवसात विदर्भातलं कुंडिनपूर गाठायचं ठरतं. रथ वाऱ्यासारखा धावतो आहे. वाटेत बेहड्याचं झाड दिसतं आणि ऋतुपर्ण बसल्या जागेवरून सांगतो की या दोन फांद्यांवर पाच कोटी पानं आणि २०९५ फळं आहेत. बाहुक रथ थांबवतो. मोजून पाहिल्याशिवाय मी मानणार नाही म्हणतो. राजा उशिराच्या धास्तीनं अजीजी करतो, पण हा ऐकत नाही. झाड पाडतो आणि मोजतो. फळं सांगितली तितकीच भरतात. मग दोघं विद्यांची देवघेव करतात. ऋतुपर्ण त्याला अक्षहृदय देतो, म्हणजे फाशांची आणि मोजणीची विद्या. अश्वविद्या पुढे त्याला नलाकडून मिळते. अक्षहृदय मिळताच नलाच्या अंगात शिरून बसलेला कली बाहेर पडतो आणि त्या बेहड्यात शिरतो. बेहड्याची फळं त्या काळी द्यूतात फाशांसारखी वापरत, हे ध्यानात घेतलं की प्रसंग लख्ख उजळतो. आणखी एक बारीक गोष्ट. ही सगळी कथा सांगतात ते बृहदश्व ऋषी, आणि ऐकतो तो द्यूतात सर्वस्व हरलेला युधिष्ठिर. कथा संपल्यावर ऋषी युधिष्ठिराला तेच अक्षहृदय देतात. आख्यान ऐकवणारा आणि संख्या शिकवणारा एकच माणूस.

इतक्या दूरदूरच्या भाषांनी मोजणं आणि सांगणं एका शब्दात का बांधलं असावं? मला त्याचं कारण कामात दिसतं. गुरं मोजणारा एकेक जनावर नजरेखालून घालतो, एकही गाळत नाही, एकही दोनदा धरत नाही. झाल्या प्रसंगाची हकीकत सांगणाराही तेच करतो; आधी काय, मग काय, कोण कोण होतं. पैसे दुसऱ्याच्या हातावर मोजून ठेवणं यालाही इंग्रजीत 'टेल' म्हणत. म्हणून या क्रियापदाला समोरचा माणूस हवाच असतो, असं मला वाटतं. 'से' एकट्यानं चालतं, 'टेल'ला घेणारा लागतो. आणि दोन गोष्टींत फरक ओळखता येणं, म्हणजे 'टेल अपार्ट', हाही त्याच मोजणीचा अंश आहे. वेगळं काढता आलं नाही तर मोजताच येत नाही. अगणित संपत्तीला इंग्रज 'अनटोल्ड' म्हणतो आणि बेरीज करून झाल्यावर 'ऑल टोल्ड' म्हणतो, तिथे तो नकळत आपल्या पणजोबांची भाषा बोलत असतो. सैन्यात शिपाई मोजून कामावर पाठवणं म्हणजे 'टेल ऑफ' करणं. त्यातूनच पुढे त्याचा अर्थ खडसावणं असा झाला.

आपल्या शाळांत 'ही सेड मी' आणि 'ही टोल्ड टू मी' या चुका वर्षानुवर्षं लाल शाईनं खोडल्या जातात, आणि मूल नियम पाठ करतं, विसरतं, पुन्हा चुकतं. इंग्रजी शिकवणाऱ्या शिक्षकांना माझं सांगणं आहे की एकदा वर्गात चार नाणी आणा. एका मुलाला ती दुसऱ्याच्या हातावर एकेक करून, आकडा मोठ्यानं म्हणत मोजायला लावा, आणि मग फळ्यावर लिहा की याला म्हणतात 'टेल'. त्यानंतर आख्यान आणि संख्या हे दोन शब्द शेजारी लिहून त्यांतला 'ख्या' खडूनं गोल करून दाखवा.