घासून वाचलेला मासा : युस्थेनॉप्टेरॉन

१/ पुरावा वाचण्यासाठी तोच नष्ट करावा लागला, तर? सुमारे ३८ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन कालखंडाच्या उत्तरार्धात होऊन गेलेल्या युस्थेनॉप्टेरॉन या माशाच्या अभ्यासाचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो.

२/ कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात मिग्वाशाचे कडे आहेत. अब्राहम गेस्नर यांनी १८४२ मध्ये तेथील जीवाश्मांची नोंद केली. केरोसिनमुळे प्रसिद्ध झालेले गेस्नर ते हेच. ती नोंद पुढे विस्मरणात गेली. १८७९ मध्ये हे स्थळ पुन्हा उजेडात आले आणि १८८१ मध्ये व्हाइटीव्हज यांनी या माशाचे नामकरण केले. नावाचा अर्थ, 'बळकट पराचा'.

३/ नाव सार्थ होते. मांसल पराच्या मुळाशी एक हाड आणि त्यापुढे दोन. मानवी दंडात एक व कोपराखाली दोन हाडे असतात, तोच हा क्रम. बोटे मात्र नव्हती.

४/ कवटीचा अंतर्भाग दगडात बंद होता. स्वीडनचे एरिक जार्विक यांनी एक कवटी थराथराने घासली. प्रत्येक थरानंतर उघड्या पडलेल्या छेदाचे चित्रण केले आणि त्यावरून मेणाची भव्य प्रतिकृती रचली. या माशाच्या अभ्यासात त्यांची अनेक दशके गेली. नसा व रक्तवाहिन्यांचे मार्गही त्यामुळे ज्ञात झाले.

५/ कवटीची मात्र भुकटी झाली. १९८१ मध्ये डॉन रोझेन व सहकाऱ्यांनी या माशाच्या अंतर्नासाछिद्राविषयीच्या निष्कर्षावरच शंका घेतली. चतुष्पादांचे खरे निकटवर्ती फुफ्फुसमासे होत, असा त्यांचा दावा होता. घासलेली कवटी पुन्हा उघडून पाहण्याची सोय उरली नव्हती. पुढील संशोधनाने युस्थेनॉप्टेरॉनला चतुष्पादांच्या वंशशाखेत पुन्हा स्थान दिले.

६/ जुन्या चित्रांत हा मासा परांवर रेलून किनाऱ्यावर सरपटताना दिसतो. आजच्या मते तो पूर्णतः जलचर होता.

७/ २०१४ मध्ये त्याच्या दंडाच्या हाडाची तपासणी ग्रेनोबल येथील सिंक्रोट्रॉनच्या क्ष-किरणांनी झाली. लांब हाडातील मज्जेची रचना जमिनीवर येण्यापूर्वीच, पाण्यात घडली होती, असे त्यातून दिसले. हाड जसेच्या तसे शाबूत राहिले.

८/ जार्विक यांच्या उमेदीच्या काळात असे यंत्र नव्हते, म्हणून त्यांना दोष देणे अन्यायाचे ठरेल. मात्र त्यांच्या कवटीला नवा प्रश्न विचारता येत नाही. ग्रेनोबलच्या हाडाला उद्याही विचारता येईल.