डोमकळीचा फोटो

खामगाव, नांदुरा, मलकापूर या बुलढाणा जिल्ह्यातल्या पट्ट्यात भाद्रपदाच्या सुमारास कपाशीच्या शेतात शिरलात, तर एखादे फूल इतरांहून वेगळे दिसते. कपाशीचे फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळे आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होते. हे मात्र उमलतच नाही. त्याच्या पाकळ्या एकमेकींना चिकटून गुलाबाच्या कळीसारख्या पिळलेल्या राहतात. शेतकरी तिला डोमकळी म्हणतात. फोटो काढण्याचा मोह व्हावा असे तिचे रूप, आणि पाकळ्या सोडवून पाहिल्या की आत बोंडअळी!

या अळीचे आणि माणसाचे नाते जुने आहे. तिला शास्त्रीय नाव मिळाले ते 1843 मध्ये, आणि तेही भडोचच्या कपाशीवरून विलायतेत गेलेल्या नमुन्यांमुळे. सॉन्डर्स नावाच्या कीटकशास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. पुढे वऱ्हाडचा कापूस मँचेस्टरच्या गिरण्यांसाठी एवढा मोलाचा झाला, की 1870 मध्ये खामगावच्या रेल्वे फाट्याच्या उद्घाटनाला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो जातीने आले. कापूस मोलाचा, म्हणून त्याची कीडही अभ्यासाची ठरली.

पण अभ्यासायची तर ती चारचौघांना दाखवायची कशी? अळी जेमतेम बोटाच्या पेरापेक्षा लहान, अंडे तर अर्ध्या मिलिमीटरचे. बिहारमधल्या पुसा येथील संस्थेत मॅक्सवेल-लेफ्रॉय यांनी 1909 मध्ये भारतीय कीटकांवरचा जाडजूड ग्रंथ काढला, तेव्हा त्यातली चित्रे तिथल्या चित्रकारांनी हाताने काढली. पंखावरचा एकेक ठिपका नेमका हवा. मला ही माणसे छायाचित्रकारांची पूर्वज वाटतात.

कॅमेरा तोवर होता, पण तो किड्याच्या इतक्या जवळ जाऊ शकत नव्हता असे नाही. गेला तर फार कटकट होई. भिंग पुढे सरकवले की प्रकाश कमी पडतो आणि स्पष्ट दिसणारा थर कागदाइतका पातळ होतो. डोळा स्पष्ट आला तर पाय धूसर. त्यात वारा सुटला की फूल हलणार! आपल्याकडे दादासाहेब फाळक्यांनी 1912 मध्ये कुंडीत वाटाणा लावून त्याच्या वाढीचे एकेक चित्र रोज टिपले आणि रोपाचा छोटा चित्रपट केला. भांडवल देणाऱ्याला पटवण्यासाठी केलेला तो उद्योग होता. पण रोपासमोर चिकाटीने बसावे लागते, हे त्यातून कळते. हातात धरायच्या छोट्या कॅमेऱ्यासाठी खास जवळची चित्रे टिपणारे भिंग बाजारात आले 1955 मध्ये, जर्मनीच्या हाइन्झ किल्फिट यांचे. त्याची किंमत कपाशी पिकवणाऱ्याच्या आवाक्यातली नव्हती, हे वेगळे सांगायला नको.

2002 मध्ये बीटी कपाशीला मान्यता मिळाली. अळी आता येणारच नाही, अशा समजुतीने फुलात डोकावण्याची सवयच मोडली. मग 2017 च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने असा मार दिला, की वेचणीला आलेल्या बोंडांतून नुसती कवडी निघाली. सवय सुटण्याची किंमत ती हीच.

त्यानंतर मात्र मोबाइल कामाला आले. डोमकळीचा फोटो कृषी सहायकाला पाठवायचा, दोन मिनिटांत उत्तर. त्यात एक गोम आहे. कोवळी अळी गुलाबी नसते, पांढुरकी असते. 'गुलाबी' शोधणाऱ्याच्या नजरेतून ती सुटते, फोटोतूनही सुटते. भिंगाची क्लिप लावून, शेजारी एखादे नाणे ठेवून, सकाळी वारा पडलेला असताना घेतलेला फोटो उपयोगी पडतो. धावत काढलेल्या धूसर फोटोवर कोण काय सांगणार?

आणि बोंडाचे काय? तिथे कॅमेऱ्याचे काहीच चालत नाही. अळी आत शिरली की तिने पाडलेले छिद्र बुजून जाते. बाहेरून बोंड हिरवेगार, टवटवीत. म्हणून शेतात फिरताना हिरवी बोंडे तोडायची, नखाने फोडायची, सरकी पाहायची. फोटो त्यानंतर.