वाट, लोहमार्ग आणि शिवार : पुण्याच्या पूर्व भागाचे जुने नकाशे आणि वाघोली

प्रस्तावना

इतिहासलेखनात नकाशाला बहुधा दुय्यम स्थान दिले जाते. ग्रंथाच्या अखेरीस जोडलेले परिशिष्ट किंवा लढाईच्या वर्णनास पूरक आकृती एवढीच त्याची उपयुक्तता मानली जाते. वास्तविक नकाशा हा सनद, पत्र किंवा जमाखर्चाच्या कागदाप्रमाणेच एक दस्तऐवज असतो. तो कोणी काढला, कोणासाठी काढला, त्यात काय दाखविले आणि काय वगळले, हे प्रश्न त्यालाही विचारावे लागतात. प्रस्तुत लेखात पुणे-नगर मार्गावरील वाघोली या गावाच्या निमित्ताने हे प्रश्न विचारण्याचा प्रयत्न केला आहे. लोहमार्ग ज्या गावांतून गेला त्यांचा इतिहास नकाशावर सहज दिसतो. जे गाव लोहमार्गाच्या बाजूला राहिले, त्याचा इतिहास मात्र कोणत्याही एका नकाशात सापडत नाही. तो वाटेचा, लोहमार्गाचा व महसुलाचा असे तीन प्रकारचे नकाशे शेजारी ठेवून वाचावा लागतो, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन आहे.

वाटेवरचे गाव

वाघोली पुण्याच्या ईशान्येस, शहरापासून सुमारे १५ किलोमीटर अंतरावर, मुळा-मुठेच्या उत्तर बाजूस वसले आहे. शाहू महाराजांच्या काळातील मातब्बर सरदार पिलाजी जाधवराव यांच्या घराण्याशी या गावाचे नाव जोडलेले आहे. वाघेश्वराचे मंदिर व पिलाजीरावांची समाधी ही गावाची आजही ओळख आहे. म्हणजे लोहमार्ग येण्यापूर्वीच्या शतकात वाघोली हे राजकीयदृष्ट्या दुर्लक्षित गाव नव्हते.

या गावाला महत्त्व देणारी दुसरी गोष्ट म्हणजे वाट. पुण्याहून वाघोली, लोणीकंद, कोरेगाव भीमा, शिरूर असे करीत अहमदनगरकडे (आजचे अहिल्यानगर) जाणारा हा मार्ग लष्करी हालचालींचा होता. अहमदनगरचा किल्ला १८०३ मध्ये इंग्रजांच्या ताब्यात गेला. १८१७ च्या अखेरीस कॅप्टन स्टाँटनची तुकडी शिरूरहून पुण्याकडे निघाली, ती याच मार्गाने. आणि १ जानेवारी १८१८ ची लढाई याच मार्गावर भीमेच्या काठी झाली. लष्कराला आवश्यक असते ते दोन मुक्कामांतील अंतर, नदीचा उतार, पाण्याची सोय आणि घाटाची चढण. त्यामुळे अशा प्रयोजनाने काढलेल्या नकाशात गाव हा वाटेवरील एक बिंदू असतो. गावाच्या आत काय आहे, याची त्याला गरज नसते.

याच सुमाराची रेखाटने पाहिली तर त्यांचा कल निराळा दिसतो. १७८६ पासून पुण्यात इंग्रजांचा वकील असलेल्या चार्ल्स मॅलेट याच्या आश्रयाने गंगाराम तांबट या पुण्याच्या कलावंताने लेणी, देवळे व व्यक्ती यांची चित्रे काढली. जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराने पेशव्यांच्या दरबारातील मंडळी रंगविली. या चित्रांचे मोल मोठे आहे. परंतु सामान्य गावाची वस्ती, तिची वेस, चावडी आणि पाणवठा हा त्यांचा मुख्य विषय नव्हता.

लोहमार्गाने निवडलेला काठ

१८५३ मध्ये मुंबई-ठाणे लोहमार्ग सुरू झाल्यानंतर ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे लक्ष सह्याद्रीकडे वळले. १८५६ मध्ये गाडी खोपोलीपर्यंत पोहोचली. १८५८ मध्ये खंडाळा ते पुणे हा टप्पा खुला झाला. मधला बोरघाट मात्र १८६३ मध्ये पूर्ण झाला; तोपर्यंत उतारूंना घाटाचा भाग पालखी, तट्टू अशा साधनांनी ओलांडावा लागे. मुख्य अभियंता जेम्स बर्कले याच्या देखरेखीखाली आखलेल्या या घाटमार्गात २५ बोगदे होते आणि एकूण चढण १८३१ फूट होती.

घाट पूर्ण होण्यापूर्वीच पुण्याच्या पूर्वेस काम पुढे गेले होते. लोहमार्ग १८५८ मध्ये दौंडला व १८६० मध्ये सोलापूरला पोहोचला. येथे नकाशा बारकाईने पाहण्याजोगा आहे. पुणे स्थानक नदीच्या दक्षिणेस आहे. तेथून निघालेला लोहमार्ग लोणी, उरुळी, यवत, केडगाव, पाटस या बाजूने नदीच्या उजव्या काठाकाठाने जातो आणि दौंडच्याही बरेच पुढे, डिकसळनंतर भीमा ओलांडतो. सोलापूरकडे जावयाचे असल्यामुळे ही दिशा स्वाभाविक होती. सपाट खोरे मिळत होते आणि मोठ्या पुलाचा खर्च पुढे ढकलता येत होता. नगरच्या वाटेने जायचे तर आधी मुळा-मुठा व लगेच भीमा अशा दोन नद्या ओलांडाव्या लागल्या असत्या.

परिणामी वाघोली नदीच्या एका काठावर आणि लोहमार्ग दुसऱ्या काठावर अशी विभागणी झाली. सरळ रेषेत हे अंतर फार नाही. परंतु नदी आड आली की नकाशावरील अंतर आणि बैलगाडीचे अंतर एक राहत नाही. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळाच्या काळात दौंड-मनमाड लोहमार्ग बांधला गेला व १८७८ मध्ये तो सुरू झाला. अहमदनगर आता दौंडमार्गे पुण्या-मुंबईशी जोडले गेले. लांबच्या मालाला आगगाडीचा पर्याय मिळाल्यावर जुन्या नगर रस्त्याचे पूर्वीचे एकमेव महत्त्व राहणे शक्य नव्हते.

अभियंत्याचा नकाशा हा मूलतः एक पट्टा असतो. मार्गाची आखणी, दोन्ही बाजूंची थोडी जमीन, आणि खाली चढ-उतार दाखविणारा उभा छेद, एवढे त्याचे क्षेत्र. त्या पट्ट्याबाहेरचे गाव कोऱ्या कागदात जमा होते. वाघोलीचे या नकाशात नसणे हे तिच्या क्षुल्लकपणाचे लक्षण समजणे चुकीचे ठरेल. ते केवळ नकाशाच्या प्रयोजनाचे लक्षण आहे.

टिपण आणि गावनकाशा

गावाचे अंतरंग सापडते ते महसुली मोजणीच्या कागदांत. १८२० च्या दशकातील प्रिंगल याची मोजणी अयशस्वी ठरल्यावर गोल्डस्मिड व विंगेट यांनी १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यातून नवी पद्धत सुरू केली. शेत हे मोजणीचे एकक ठरले आणि त्यास सर्व्हे नंबर मिळाला. मोजणीची साखळी ३३ फुटांची असे व तिचे १६ आणे मानले जात. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे एक गुंठा आणि ४० गुंठे म्हणजे एक एकर, हे आजही खेड्यापाड्यांत बोलले जाणारे हिशेब त्याच साखळीतून आले आहेत.

या कागदांपैकी टिपण हा कागद इतिहासकाराने आवर्जून पाहावा. टिपण म्हणजे शेताचा हाताने काढलेला कच्चा आराखडा. तो प्रमाणात नसतो. मात्र त्यावर लिहिलेली मापे प्रत्यक्ष मोजलेली असतात. गावनकाशात सर्व शेते एकत्र येतात. त्यात गावठाण, गायरान, ओढे, शिवेवरचे रस्ते, गाडीवाटा आणि शेजारगावांच्या हद्दी दिसतात. 'पांढरी' आणि 'काळी' ही आपल्या गावगाड्यातील जुनी विभागणी येथे रेषांत उतरते. पुढे १९४७ च्या जमीन एकत्रीकरण कायद्यानुसार अनेक गावांत सर्व्हे नंबरांऐवजी गट क्रमांक आले. वाघोलीतील पत्त्यांत आजही 'गट नंबर' लिहिला जातो, तो या प्रक्रियेचा अवशेष होय.

पत्रकाच्या कडेवर

भारतीय सर्वेक्षण विभागाच्या स्थलनिर्देशक नकाशांत वाट, लोहमार्ग व गाव प्रथमच एकत्र दिसतात. पूर्वी एक इंचास एक मैल व नंतर १ : ५०,००० या प्रमाणावर निघालेल्या या पत्रकांत वाघोली '४७ एफ/१४' या पत्रकात येते. हे पत्रक ७४ अंश पूर्व रेखावृत्तावर संपते आणि वाघोली त्या कडेच्या अगदी जवळ आहे. लोणीकंद व कोरेगाव भीमा पाहण्यासाठी '४७ जे/२' आणि लोणी-उरुळीचा लोहमार्ग पाहण्यासाठी '४७ जे/३' हे पत्रक घ्यावे लागते. एका गावाचा परिसर समजण्यासाठी तीन पत्रके जोडावी लागतात. केवळ पुण्याचे पत्रक वापरणाऱ्या अभ्यासकाला वाघोली शहराचे टोक वाटते. पत्रके जोडणाऱ्याला ती एका जुन्या मार्गाचा आरंभीचा टप्पा म्हणून दिसते.

समारोप

दगडखाणी, गोदामे, शैक्षणिक संस्था व गृहसंकुले यांनी वाघोलीचे शिवार अलीकडच्या दशकांत झपाट्याने व्यापले. ३० जून २०२१ रोजी पुणे महानगरपालिकेत २३ गावे समाविष्ट झाली, त्यांत वाघोली होती. जून २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने रामवाडी ते वाघोली-विठ्ठलवाडी या मेट्रो मार्गास मंजुरी दिली. १८५८ मध्ये नदीपलीकडून गेलेले रूळ आता प्रथमच वाघोलीच्या नकाशावर आखले गेले आहेत, आणि तेही जुन्या नगर वाटेवरच. वाटेने आपले महत्त्व परत मिळविले, असे म्हणता येईल.

परंतु नव्या आराखड्यात गाव पुन्हा मार्गावरील एक बिंदू होण्याचा धोका आहे. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने ओढ्याच्या जागेचा विसर किती महाग पडतो, हे दाखवून दिले. वाघोलीसारख्या नव्याने शहरात आलेल्या गावांत ओढ्याचे पात्र कोठून जात होते, गायरान किती होते, शिवरस्ता कोणता होता, याचा लिखित पुरावा गावनकाशात व टिपणात आहे. हे कागद जीर्ण होत आहेत आणि ते वाचू शकणारी पिढीही विरळ होत आहे. महाविद्यालयांच्या इतिहास व भूगोल विभागांनी आपल्या परिसरातील समाविष्ट गावांचे जुने नकाशे एकत्र करून, प्रत्यक्ष फिरून, ग्रामस्थांच्या साहाय्याने त्यांचे वाचन नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. शिवारावर पूर्ण बांधकाम होण्यापूर्वी हे काम झाले, तरच नकाशातील रेषा जमिनीवर ताडून पाहता येतील.