अक्षरमाला आणि ॲस्की : एक्सएमएल-आरपीसीतील एका व्याख्येचा इतिहास

एका यंत्रावरील आज्ञावलीने दुसऱ्या यंत्रावरील कार्याला पाचारण करावे आणि ते कार्य जणू स्वगृहीचेच आहे अशा रीतीने त्याचे उत्तर स्वीकारावे, ही कल्पना संगणकशास्त्रात जुनी आहे. ब्रूस नेल्सन यांनी १९८१ च्या आपल्या प्रबंधात तिचे विवेचन केले आणि १९८४ मध्ये अँड्र्यू बिरेल यांच्यासह लिहिलेल्या निबंधात तिची प्रत्यक्ष रचना मांडली. या दूरस्थ पाचारणातील मुख्य अडचण अशी की, दोन यंत्रांना सामाईक स्मृती नसते. यास्तव मूल्याचे प्रथम चिन्हांच्या रांगेत रूपांतर करावे लागते. त्यास संकेतन म्हणावे. त्या रांगेतून मूल्य पुन्हा उभे करावे लागते. त्यास विसंकेतन म्हणावे. विसंकेतनानंतर हाती येणारे मूल्य मूळ मूल्याशी केवळ आशयाने नव्हे, तर जातीनेही एकरूप असते काय, हा या विषयातील खरा प्रश्न होय. देवनागरी मजकुराच्या बाबतीत त्याचे उत्तर दीर्घकाळ असमाधानकारक होते.

सन मायक्रोसिस्टिम्सची १९८७ मध्ये प्रसिद्ध झालेली एक्सडीआर ही संकेतनपद्धती चार-चार बाइटांच्या गटांवर आधारलेली होती. ती यंत्राला सोयीची, परंतु मानवी डोळ्यांना अगम्य होती. फेब्रुवारी १९९८ मध्ये एक्सएमएलची पहिली आवृत्ती शिफारस म्हणून मान्य झाली आणि त्याच वर्षी यूजरलँड सॉफ्टवेअरचे डेव्ह वाइनर यांनी मायक्रोसॉफ्टमधील तज्ज्ञांच्या सहकार्याने एक्सएमएल-आरपीसी ही पद्धती सिद्ध केली. वाइनर यांचे फ्रंटियर हे साधन यूजरटॉक नामक स्क्रिप्ट-भाषेवर उभे होते. पद्धतीचा साधेपणा या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे. पूर्णांक, सत्यासत्य, अक्षरमाला, दशांश संख्या, दिनांक आणि बेस-६४ ही सहा साधी मूल्ये, तसेच संरचना आणि यादी हे दोन संयुक्त प्रकार, एवढाच तिचा पसारा. प्रत्येक मूल्याभोवती त्याच्या जातीचे नाव सांगणारी खूण असते. मराठी वाक्यात विभक्तिप्रत्यय जसा नामाचा वाक्यातील संबंध दर्शवितो, तशी ही खूण मूल्याचा प्रकार दर्शविते. खूण नसेल तर मूल्य अक्षरमाला समजावे, असाही नियम होता. अक्षरमाला हा अशा रीतीने या पद्धतीचा मूळ आणि गृहीत प्रकार ठरला.

तथापि याच प्रकाराच्या व्याख्येत दोष राहून गेला. १९९९ च्या मसुद्यात अक्षरमालेचे वर्णन ‘ॲस्की अक्षरमाला’ असे होते. ॲस्कीत १२८ चिन्हे असून त्यांत रोमन वर्णमालेपलीकडील एकही अक्षर नाही. उलटपक्षी, ज्या एक्सएमएलवर ही पद्धती उभी होती, ती युनिकोडवर आधारलेली होती; आणि युनिकोडमध्ये देवनागरीला, १९८८ च्या इस्की या भारतीय संकेताच्या आधारे, १९९१ पासून स्थान होते. मसुद्याच्याच प्रश्नोत्तरांत दोन विशिष्ट चिन्हे वगळता कोणतीही चिन्हे अक्षरमालेत चालतील असे सांगितले होते. पायाने जे दिले ते व्याख्येने नाकारले आणि तळटीपेने पुन्हा दिले, असा हा विसंवाद होता. काटेकोर वाचकाच्या दृष्टीने मराठी शब्द पाठविण्याचा निःसंदिग्ध मार्ग बेस-६४ हाच उरत होता. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडची चार चिन्हे आहेत. यूटीएफ-८ मध्ये त्यांचे १२ बाइट होतात आणि बेस-६४ मध्ये १६ रोमन चिन्हे. यात लांबी वाढली हे गौण होय. शब्द हा शब्द न राहता निव्वळ बाइटांचा ढीग मानला गेला, हे अधिक गंभीर होय. ३० जून २००३ रोजी व्याख्येतून ‘ॲस्की’ हा शब्द वगळण्यात आला. एका शब्दाच्या या लोपाने मराठीसह जगातील बहुतेक लिप्यांना अक्षरमालेत अधिकृत प्रवेश मिळाला.

व्याख्या सुधारली, तरी व्यवहार लगेच सुधारला नाही. पायथन या स्क्रिप्ट-भाषेचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. फ्रेड्रिक लुंड यांनी लिहिलेला एक्सएमएलआरपीसीलिब हा विभाग डिसेंबर २००१ च्या २.२ आवृत्तीत समाविष्ट झाला. त्यातील डम्प्स हे कार्य संकेतन करते आणि लोड्स हे विसंकेतन. त्या काळी पायथनमध्ये बाइटांची माला आणि युनिकोड माला असे दोन भिन्न प्रकार होते. विसंकेतन करताना हा विभाग आलेली अक्षरमाला शक्य असल्यास ॲस्की बाइटमालेत बदलीत असे. शक्य नसल्यास ती युनिकोड ठेवीत असे. परिणामी, तारेवरून एकाच खुणेने आलेले रोमन ‘पुणे’ आणि देवनागरी ‘पुणे’ ग्राहकाच्या हाती दोन भिन्न जातींचे होऊन पडत. मूल्याची जात खुणेवरून न ठरता लिपीवरून ठरत होती. रोमन नावांवर पारखलेली आज्ञावली देवनागरी नाव येताच, ते साध्या बाइटमालेत बदलण्याच्या पहिल्याच प्रयत्नात, अडखळू शकत असे. आणि दोष आज्ञावलीचा नसून मजकुराचा आहे, असा समज होण्यास वाव राही.

डिसेंबर २००८ च्या ३.० आवृत्तीत सर्व मजकूर युनिकोड झाला, बाइटांचा प्रकार निराळा झाला आणि हा विभाग एक्सएमएलआरपीसी क्लायंट या नावाने पुढे आला. तेव्हापासून दोन्ही लिप्यांतील ‘पुणे’ एकाच जातीचे राहिले. जातिभेद सर्वस्वी नाहीसा झाला असे मात्र नव्हे. पायथनमधील अपरिवर्तनीय टपल यादी म्हणून पाठविला जातो आणि परतताना साधी लिस्ट होऊन येतो; कारण त्याचे वेगळेपण सांगणारी खूणच या पद्धतीत नाही.

या इतिहासावरून एवढे स्पष्ट होते की, संकेतनातील हानी केवळ तारेवर होत नाही. ती व्याख्येतील एका विशेषणात किंवा विसंकेतन करणाऱ्या कार्यातील एका सोयीच्या पायरीतही दडलेली असते. रोमन मजकुराला ती जाणवत नाही. म्हणूनच ती दीर्घकाळ टिकते. कोणत्याही संकेताची परीक्षा त्याच्या कर्त्यांच्या लिपीत नव्हे, तर त्यांनी गृहीत न धरलेल्या लिपीत व्हावयास हवी.